कचऱ्याला बक्षीस : कोणाला, कशाचे आणि कशासाठी?

घरातला कचरा नीट वेगळा करून देणाऱ्या कुटुंबांना काहीतरी बक्षीस द्यावे, म्हणजे शहर आपोआप स्वच्छ होईल, ही कल्पना वरचेवर मांडली जाते. कोणी घरपट्टीत सवलत सुचवतो, कोणी किलोमागे गुण देऊन त्या गुणांवर वस्तू द्या म्हणतो, तर कोणी आदर्श घराची पाटी दारावर लावायला सांगतो. शाळांमधून ‘जास्तीत जास्त प्लास्टिक गोळा करा’ अशा स्पर्धाही होतात. कल्पना ऐकायला गोड आहे. तिच्यात कोणाला शिक्षा नाही, दंड नाही, कोणाचा राग ओढवून घेणे नाही. त्यामुळेच असेल, तिची तपासणी सहसा कोणी करत नाही. ‘बक्षीस दिले तर लोक करतील’ हे एक विधान आहे, आणि कोणत्याही विधानाला विज्ञान जे प्रश्न विचारते ते यालाही विचारायला हवेत. लोक नेमके काय करतील? किती दिवस करतील? बक्षीस बंद झाल्यावर काय होईल? आणि त्या बक्षिसाचे पैसे कोणाच्या खिशातून येतील?

या लेखात ही तपासणी करायची आहे. उदाहरणे शक्यतो आपल्या महाराष्ट्रातली घेऊ. हिशेब मात्र धुळ्याच्या देवपुरासारख्या वस्तीला समोर ठेवून करू. पांझरेच्या उत्तरेला पसरलेला हा भाग मोठ्या महानगरासारखा नाही आणि खेड्यासारखाही नाही. इथे कॉलन्या आहेत, चाळी आहेत, महाविद्यालये आहेत, भाजीबाजार आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य मध्यम शहरांचा प्रश्न असाच असल्यामुळे हिशेबाला ही वस्ती सोयीची आहे.

घरात आधीपासूनच असलेले बक्षीस

पहिली गोष्ट ही की, टाकाऊ वस्तूंसाठी घराला मोबदला मिळणे आपल्याकडे नवे नाही. वर्तमानपत्राची रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड, पत्र्याचे डबे आपण कचऱ्यात टाकत नाही. रद्दीवाला येतो, तागडीने वजन करतो, पैसे देतो. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे देते आणि तिच्याशी घासाघीस करण्यात दुपार जाते. अनेक घरांत दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, चपट्या करून ठेवल्या जातात व महिन्याच्या शेवटी रद्दीबरोबर विकल्या जातात. हे सारे कोणत्याही सरकारी योजनेशिवाय चालते.

हा माल पुढे कुठे जातो, याचे एक उत्तर आपल्या खानदेशातच आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई-उद्योगात पुन्हा वितळवून केलेला प्लास्टिकचा दाणा मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. एखाद्याच्या घरातून भंगारात गेलेली बादली किंवा खुर्ची दुसऱ्याच्या ओसरीवर चटई होऊन पसरलेली असणे अगदी शक्य आहे. म्हणजे घर, फेरीवाला, भंगाराचे दुकान, दाणा करणारा कारखाना आणि चटईचा कारखाना अशी एक साखळी आधीच अस्तित्वात आहे.

तेव्हा ज्या वस्तूला बाजारात किंमत आहे तिच्यासाठी वेगळे बक्षीस ठेवणे म्हणजे चालू असलेल्या गाडीला धक्का देण्यासारखे आहे. खरा प्रश्न उरतो तो ज्या वस्तूंना किंमत नाही त्यांचा. बिस्किटांच्या व वेफर्सच्या पुड्यांची चकचकीत वेष्टने, खरकटे लागलेल्या पातळ पिशव्या, फुटकी काच, सॅनिटरी पॅड, बॅटरीचे सेल आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे स्वयंपाकघरातला ओला कचरा. आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओल्याचा असतो. बक्षिसाच्या योजना मात्र बहुधा बाटल्या, पुठ्ठा आणि जाड प्लास्टिक यांच्यावरच बेतलेल्या असतात, कारण तेच विकले जाते. म्हणजे जिथे गरज नाही तिथे बक्षीस आणि जिथे गरज आहे तिथे काही नाही, अशी स्थिती होते.

वेगळे करण्याची खरी किंमत

घरातच वेगळे करा, असा आग्रह का? नंतर यंत्राने वेगळे करता येणार नाही का? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे.

खानदेशातल्या मुलांना याचे उत्तर कळण्याच्या भाकरीवरून समजावता येईल. ज्वारी आणि उडीद एकत्र करून गिरणीत नेण्याआधी कोणी म्हणाले की हे वेगळे करा, तर चाळून-निवडून ते जमेल. एकदा दळून कळण्याचे पीठ झाले, की ज्वारी आणि उडीद पुन्हा वेगळे करणे कोणाच्याही हातात नाही. मिसळणे सहज घडते. वेगळे करायला मात्र श्रम, ऊर्जा आणि वेळ लागतो आणि मिश्रण जितके बारीक व ओले, तितके हे श्रम वाढतात. कचरा दाबून नेणारी गाडी ही या बाबतीत गिरणीच आहे.

रसायनशास्त्रातले एक उदाहरण पाहू. पाण्याच्या बाटल्या पीईटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. ते वितळवायला सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यात पीव्हीसीचे तुकडे मिसळले असतील तर या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराईड वायू बाहेर पडतो, पीईटीचे रेणू तुटतात आणि सगळा माल पिवळा व ठिसूळ होतो. यासाठी पीव्हीसीचे अगदी अल्प प्रमाणही पुरेसे असते. पाण्यात टाकून वेगळे करावे म्हटले तर पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात आणि पीईटी बुडते, पण पीव्हीसीही बुडते. दोघांची घनता जवळजवळ सारखी आहे. कागदाचेही तसेच आहे. कोरडा कागद हा माल असतो, तर आमटीत भिजलेला कागद हा फक्त ओला कचरा. उलट ओल्या कचऱ्यात काचेचे तुकडे व सेल गेले, तर त्याचे खत शेतात टाकायला कोणता शेतकरी धजावेल?

थोडक्यात, स्वयंपाकघरात दोन डबे ठेवून अर्ध्या मिनिटात जे काम होते, ते पुढे तासभर राबूनही तितके चांगले होत नाही. घराच्या या अर्ध्या मिनिटाला मोल आहे, यात शंका नाही. मग त्याचा मोबदला द्यायला हरकत काय? हरकत तत्त्वाची नाही. मोबदला कोणत्या रूपात दिला जातो यावर सगळे अवलंबून आहे. ते समजण्यासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण तपासू.

पन्नास पैशांची गोष्ट

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. दुधाच्या पिशव्यांवर बंदी घालणे शक्य नव्हते. म्हणून पिशवी किमान ५० मायक्रॉन जाडीची असावी आणि तिच्यावर किमान पन्नास पैसे पुनर्खरेदी किंमत छापावी, अशी तरतूद केली गेली. ग्राहकाने पिशवी विकत घेताना हे पन्नास पैसे द्यायचे आणि रिकामी पिशवी दुकानात परत केली की ते परत घ्यायचे, असा हेतू होता. पुढे जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात व त्यातून ३१ टन प्लास्टिक कचरा होतो. महिनाभरात ही परताव्याची पद्धत लागू होईल, असेही त्या वेळी जाहीर झाले.

या आकड्यांवर वर्गात एक छान हिशेब करता येतो. ३१ टन म्हणजे ३ कोटी १० लाख ग्रॅम. त्याला एक कोटीने भागले की एका पिशवीचे वजन ३.१ ग्रॅम येते. घरची पिशवी धुऊन, वाळवून शाळेच्या तराजूत तोलली तर हा आकडा वास्तवाला धरून आहे की नाही ते मुलांनाच पाहता येईल. आता एक किलोत अशा पिशव्या किती? सुमारे ३२२. प्रत्येकी पन्नास पैसे धरले तर किलोला १६१ रुपये झाले. भंगारवाला समजा किलोला वीस रुपये देत असेल, तर त्या दराने एका पिशवीची किंमत सहा पैसे पडते.

म्हणजे एकाच वस्तूच्या दोन किमती झाल्या, सहा पैसे आणि पन्नास पैसे. पहिली किंमत सांगते की या प्लास्टिकपासून पुढे किती मिळेल. दुसरी सांगते की ही पिशवी गटारात गेली तर समाजाचे किती नुकसान होईल असे आपण मानतो. दोन्हींमधला फरक ‘चव्वेचाळीस पैसे’ हा खरा कळीचा मुद्दा आहे. बाजार तो स्वतःहून देणार नाही. तो कायद्यानेच निर्माण करावा लागतो.

मग ही योजना का रुजली नाही? आज दुकानात रिकाम्या पिशव्या मोजून देऊन पैसे मागणारा ग्राहक दिसत नाही. पन्नास पैसे फार कमी होते म्हणून लोकांनी दाद दिली नाही, असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराचे महिन्याला तीस रुपये होतात, आणि ज्या घरात रद्दीचे पैसे मोजून घेतले जातात तिथे तीस रुपये सोडले जात नाहीत. अडचणी दुसऱ्या होत्या. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालू असले तरी व्यवहारातून केव्हाच गेले होते. दुकानदाराला पिशव्या मोजायच्या, साठवायच्या, सुटे पैसे द्यायचे, आणि त्यासाठी त्याला काय मिळणार हे स्पष्ट नव्हते. आत राहिलेल्या दुधाच्या थेंबात जीवाणू वाढतात, त्याला आंबूस वास येतो आणि त्याच दुकानात ब्रेड-बिस्किटे विकायची असतात. ग्राहकाने पिशवी धुऊन द्यावी, तर नळाला रोज पाणी येत नाही अशा घरात त्यासाठी पाणी कुठून आणायचे? गोळा झालेल्या पिशव्या दूधसंघाकडे कोणत्या गाडीतून जाणार, हाही प्रश्न होताच. शिवाय पिशवीचा कापलेला कोपरा तर मोजणीत कधीच येत नाही. तो मोरीतून थेट गटारात जातो. कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लटकता ठेवा, हा साधा उपाय त्यासाठी सांगितला जातो. त्याला कोणत्याही बक्षिसाची गरज नाही.

रोज एक कोटी पिशव्यांवर पन्नास पैशांप्रमाणे पन्नास लाख रुपये दिवसाला फिरवायचे होते. एवढा मोठा व्यवहार अधिसूचनेतील एका वाक्यावर उभा राहत नाही. तेव्हा या अपयशाचा दोष लोकांच्या वृत्तीला देणे अन्यायाचे आहे. परतीचा रस्ता बांधलाच गेला नव्हता.

अनामत, मजुरी आणि बक्षीस

रस्ता बांधला तर काय होते, याची उदाहरणे आहेत. तामिळनाडूतील नीलगिरी जिल्ह्यात जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्ती व इतर प्राणी जखमी होत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये तेथील सरकारी मद्यविक्री दुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जास्त घेणे व बाटली परत केल्यावर ते परत देणे सुरू झाले. बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या व डब्यांवर २००३ पासून सक्तीची अनामत आहे आणि शंभरातील पंच्याण्णवहून अधिक परत येतात. आपल्याकडेही सोडा-लेमनच्या काचेच्या बाटल्यांवर दुकानदार अनामत घेत असे, आणि बाटली फोडल्याबद्दल मुलांना बोलणी बसत ती त्यामुळेच!

वरवर पाहता ही बक्षिसेच वाटतात. पण नीट पाहिले तर फरक ध्यानात येईल. अनामतीत ग्राहकाला त्याचेच पैसे परत मिळतात. नगरपालिकेच्या तिजोरीतून काही जात नाही. आणि एखाद्याने बाटली फेकून दिलीच, तर जो ती उचलून आणील त्याला पैसे मिळतात. म्हणजे फेकणाऱ्याचे पैसे वेचणाऱ्याकडे जातात. यात न्याय आहे.

दुसरा प्रकार मजुरीचा. ब्राझीलमधील कुरितिबा या शहराचे उदाहरण बक्षिसाच्या समर्थनार्थ नेहमी दिले जाते. तिथे १९९१ पासून चार किलो पुनर्वापरयोग्य कचऱ्याच्या बदल्यात एक किलो भाजीपाला दिला जाऊ लागला. पण या योजनेचे मूळ त्याआधीच्या दोन वर्षांत आहे. टेकड्यांवरच्या व नदीकाठच्या झोपडवस्त्यांत कचऱ्याची गाडी जाऊच शकत नव्हती. तेव्हा लोकांनीच कचरा गाडीपर्यंत आणून द्यावा आणि त्याचा मोबदला घ्यावा, असे ठरले. गाडीचा वाचलेला खर्च लोकांना दिला गेला. छत्तीसगडमधील अंबिकापूरला २०१९ मध्ये सुरू झालेल्या उपाहारगृहात एक किलो प्लास्टिकला जेवण आणि अर्ध्या किलोला नाश्ता मिळे. तिथेही डोळ्यांसमोर होते ते रस्त्यावर प्लास्टिक वेचणारे गरीब लोक. ही दोन्ही उदाहरणे केलेल्या कामाच्या मजुरीची आहेत.

ज्याला खऱ्या अर्थाने बक्षीस म्हणता येईल, म्हणजे गुण, सोडत, सवलत किंवा पाटी, तो तिसरा प्रकार आणि तो सर्वांत कच्चा आहे. पहिल्या दोन प्रकारांचे यश तिसऱ्याच्या खात्यावर लिहिणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

बक्षीस मोजते काय?

बक्षीस द्यायचे तर मोजावे लागते, आणि जे मोजले जाते तेच वाढते. १९०२ मध्ये हनोई शहरात फ्रेंच सरकारने उंदीर मारण्यासाठी शेपटीमागे पैसे द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पिल्ले होत राहतील. काहींनी तर उंदीर पाळायलाही सुरुवात केली. सरकारला हवे होते कमी उंदीर, पण मोजल्या जात होत्या शेपट्या.

कचऱ्याचे वजन मोजून गुण देणे हे शेपट्या मोजण्यासारखेच आहे. एका ओळीतली दोन घरे घेऊ. एका घरात कापडी पिशवी घेऊन बाजारात जातात, बाटलीबंद पाणी घेत नाहीत, डबे पुन्हा पुन्हा वापरतात. त्यांच्याकडे महिन्याअखेर देण्यासारखे फारसे काही नसते. दुसऱ्या घरात आठवड्याला डझनभर थंड पेयांच्या बाटल्या येतात. गुण कोणाला मिळतील? शाळांतील ‘जास्तीत जास्त प्लास्टिक आणा’ या स्पर्धेत तर हा दोष फारच उघड आहे. आपण मुलांना कमी वापरा असे शिकवत आहोत की जास्त आणा असे?

घरपट्टीतील सवलतीचे पाहू. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक व्यवस्था असल्यास मालमत्ता करात पाच टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास दहा टक्के सवलत देत आली आहे. हेतू चांगला आहे. पण सवलत मिळते ती व्यवस्था असण्याबद्दल, आणि कचरा जिरतो तो ती चालवल्याने. खताचा खड्डा एकदा बांधता येतो. त्यात कार्बन व नत्राचे प्रमाण सांभाळणे, ओल राखणे आणि तो वेळोवेळी हलवणे हे काम बाराही महिने असते. वर्षातून एकदा मिळणारी सवलत रोजच्या कामाला पुरी पडत नाही, आणि वरचेवर तपासणी करायची तर तिचाच खर्च सवलतीहून जास्त होतो.

याहून गंभीर प्रश्न असा की सवलत कोणाला मिळते? ज्याच्या नावावर घर आहे त्याला. देवपुरातल्या कॉलनीत भाड्याने राहणाऱ्याला नाही, झोपडीत राहणाऱ्याला नाही. आणि घर बहुधा पुरुषाच्या नावावर असते, तर डबे वेगळे करते घरातली बाई. काम एकीचे आणि सवलत दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. ‘घराला बक्षीस’ असे आपण सहज म्हणतो, पण घर कचरा वेगळा करत नाही. घरातले कोणीतरी करते.

आता खर्चाचा हिशेब. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे शहराची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख होती. घरटी पाच माणसे धरली तर पंचाहत्तर हजार घरे होतात. प्रत्येकाला महिन्याला फक्त पन्नास रुपयांचे बक्षीस द्यायचे म्हटले तरी वर्षाला साडेचार कोटी रुपये लागतील. पन्नास रुपये घराला किरकोळ वाटतात, पण साडेचार कोटी मध्यम शहराच्या महापालिकेला किरकोळ नाहीत. हाच पैसा घंटागाडीत ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे करायला, सफाई कामगारांना हातमोजे व नियमित पगार द्यायला आणि प्रभागात खताचे लहान प्रकल्प चालवायला वापरला तर काय होईल, ही तुलना बक्षीस-योजनेच्या कागदावर कधी नसते.

मोबदला आणि मन

मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांनी या विषयावर काही सुंदर प्रयोग केले आहेत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी चित्रे काढायची आवड असलेली बालवाडीतली मुले घेतली. काहींना सांगितले की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी चित्रे काढली, प्रशस्तिपत्रे घेतली. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने नुसतीच समोर ठेवली तेव्हा या मुलांनी चित्रांत घालवलेला वेळ, बक्षिसाचे आश्वासन न मिळालेल्या मुलांच्या सुमारे निम्मा होता.

इस्राएलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला नीझी व रुस्तिकीनी यांचा अभ्यासही प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा पाळणाघरांत दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी उशीर झाला की ‘बाई ताटकळत असतील’ ही लाज असे, आता उशिराची किंमत मोजली जात होती. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. पैसा एकदा मध्ये आला की नात्याचा अर्थ बदलतो, आणि पैसा काढून घेतला तरी जुना अर्थ परत येतोच असे नाही.

अर्थात हे नियम सरसकट लावू नयेत. चित्र काढण्यात मुळात आनंद असतो, पण उष्ट्या ताटातले वेगळे करण्यात कोणाला आनंद होत असेल असे नाही. जिथे मुळात आवड नाही तिथे बक्षिसाने आवड मरण्याचा प्रश्न येत नाही. पण इथे आवड नसली तरी कर्तव्याची जाणीव असते, आणि तीही नाजूक असते. १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका गावी लोकांना विचारले गेले की देशातील अणुकचऱ्याची साठवण तुमच्या गावात केली तर चालेल का? निम्म्याहून थोडे अधिक लोक हो म्हणाले. त्याबद्दल भरपाई देऊ असे सांगताच होकार पावभागावर आला. देशासाठी आपण काही सोसतो आहोत ही भावना सौद्यात बदलली आणि सौदा लोकांना पटला नाही.

आपल्या योजना बहुधा एखाद्या अनुदानावर चालतात व अनुदानाबरोबर संपतात. म्हणून ‘बक्षीस असताना किती घरे सामील झाली’ यापेक्षा ‘बक्षीस बंद झाल्यावर सहा महिन्यांनी किती उरली’ हा आकडा महत्त्वाचा. अहवालांत नेमका तोच नसतो.

हे कोणाच्या ताटातले?

बक्षीस-योजनांच्या चर्चेत जिचे नावच निघत नाही, ती व्यक्ती म्हणजे कचरावेचक. पहाटे पोते घेऊन निघणाऱ्या या बायका पुठ्ठा, बाटल्या, पत्रा उचलतात, म्हणून तेवढा माल डेपोवर जात नाही. त्यांना यासाठी पगार नसतो. जे विकले जाते तेवढीच त्यांची कमाई. आता योजनेच्या केंद्रावर घरांनी बाटल्या व पुठ्ठा आणून गुण घेतले, तर वेचणाऱ्या बाईच्या पोत्यात उरेल काय? तर ज्यांना किंमत नाही अशी चकचकीत वेष्टने. म्हणजे दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असणाऱ्या घरातून काढून भरल्या घराला बक्षीस दिले, असा त्याचा अर्थ होतो. हेतू असा नसतो हे मान्य. पण परिणाम हेतू पाहून होत नाहीत.

याच्या अगदी उलट वाटेचे उदाहरण पुण्यात आहे. एसएनडीटी विद्यापीठातील कार्यकर्त्या व डॉ. बाबा आढाव यांच्या प्रयत्नांतून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ पासून तिचे सभासद महापालिकेबरोबरच्या करारानुसार दारोदार कचरा घेऊ लागले. इथे घराला काही मिळत नाही. उलट घरच दरमहा शुल्क देते आणि सुका माल विकण्याचा हक्क वेचणाऱ्यांकडे राहतो. तरीही लोक वेगळा कचरा देतात. रोज ठरावीक माणूस दारात येतो, त्याला आपण नावाने ओळखतो, आणि न वेगळा केलेला डबा त्याला हाताने निवडावा लागेल हे आपल्याला दिसते. या पद्धतीतही अडचणी आहेत, शुल्क न देणारेही आहेत. पण बक्षिसावाचून घरे वेगळे करत नाहीत, हे विधान तिने खोटे ठरवले आहे. विज्ञानात एक चांगले प्रतिउदाहरण पुरेसे असते.

नागरिकांची खरी तक्रार काय असते ते ऐकून पाहा. ‘आम्ही वेगळा देतो, पण गाडीवाला आमच्यासमोर एकत्र टाकतो.’ २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरांवर ओला, सुका व घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करण्याची जबाबदारी टाकली आणि वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर. दुसरी जबाबदारी पाळली जात नसेल तर पहिलीसाठी कितीही बक्षिसे वाटली तरी उपयोग नाही. आपण केलेले काम डोळ्यांदेखत मातीत जाताना पाहणे, यासारखी दुसरी शिक्षा नाही. आणि ते काम पुढे उपयोगी पडलेले पाहणे, यासारखे बक्षीसही नाही.

शाळेत तपासून पाहता येईल

हे सारे वाचून कोणी म्हणेल की लेखकाचे मत असे, माझे तसे. मग तपासून पाहू या. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना झेपेल असा हा प्रयोग आहे. शाळेजवळच्या सारख्या वस्तीच्या तीन गल्ल्या निवडा. पहिलीत काहीच करू नका. दुसरीत नीट वेगळे करणाऱ्या घरांना दर आठवड्याला एखादे लहान बक्षीस द्या. तिसरीत बक्षीस नको. तिथे कचरा खरोखर वेगळाच नेला जाईल अशी व्यवस्था स्थानिक कामगारांशी बोलून करा, आणि दर आठवड्याला ‘आपल्या गल्लीतून इतका ओला कचरा खताला गेला’ हे फळ्यावर लिहा.

मोजायचे काय? एकूण वजन मोजायचे नाही, नाहीतर पुन्हा शेपट्या मोजल्यासारखे होईल. प्रत्येक गल्लीतील दहा ओले डबे चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांतील ओले नसलेले पदार्थ किती टक्के आहेत ते वजनाने काढा. सुरुवातीचे चार आठवडे काहीही न करता नुसते मोजा, मग आठ आठवडे योजना चालवा, नंतर बक्षिसे थांबवून आणखी चार आठवडे मोजा. मोजणी चालू आहे हे कळल्यानेही लोक बदलतात, म्हणून तिन्ही गल्ल्यांत सारखीच मोजणी हवी. वर्गणीला बक्षिसावर, फळ्यावर व वाहतुकीवर झालेला खर्चही लिहून ठेवा. डबे उघडण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चिमटे वापरूनच करावे. सॅनिटरी पॅड, सुया, औषधे असलेला डबा तसाच बाजूला ठेवावा. घरांची नावे कुठेही लिहू नयेत, नाहीतर प्रयोगाऐवजी चुगली होईल.

निष्कर्ष काय निघेल? बक्षिसाची गल्ली जिंकली तर ते मान्य करायला हवे. मात्र शेवटच्या चार आठवड्यांचे आकडे पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

तोवर हाती असलेल्या पुराव्यावरून एवढे म्हणता येते. ज्याला बाजारात किंमत आहे ते बाजारावर आणि वेचणाऱ्यांवर सोडावे. ज्याला किंमत नाही पण जे बनवणारा ओळखता येतो, त्या पिशव्या-बाटल्यांवर अनामत लावावी, आणि त्याआधी परतीचा रस्ता, सुटे पैसे व दुकानदाराचा वाटा यांची सोय करावी. ओल्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी, ठरलेली वेळ आणि जवळचा खतप्रकल्प हवा. हे सगळे झाल्यावर पैसे उरलेच, तर बक्षिसांचा विचार करावा, आणि तेही घरांना देण्याआधी आपला कचरा उघड्या हातांनी निवडणाऱ्यांना.